आईच्या क्रूसावरची द्राक्षं

आमच्या घरात सकाळ व्हायची ती ब्रशांच्या आवाजानं. पप्पा रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवलेले ब्रश एकेक करून काढायचे, डब्याच्या काठावर टकटक आपटायचे, जुन्या बनियनच्या फडक्याला पुसायचे आणि जाडीप्रमाणे ओळीनं मांडायचे. तो टकटकाट सुरू झाला की आई चहाचं आधण ठेवायची. साताऱ्यात पप्पांना सगळे दानी पेंटर म्हणत. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, उसाच्या ट्रॉल्या, नंबर प्लेटा, निवृत्त सुभेदारांच्या दारावरची नावं, जे येईल ते काम. त्यांचं अक्षर लांबूनच ओळखू यायचं. जाड उभ्या रेघा, पोटाशी फुगलेला क, आणि प्रत्येक अक्षराच्या उजव्या अंगाला खाली पडलेली निळी शेड. जणू त्यांच्या अक्षरांवर कायम सकाळचे नऊच वाजलेले असत. गाणीही चालू असायची, चर्चमधलीच, पण शब्द नसलेली. ब्रश दातात धरून गायचं म्हटल्यावर शब्द येणार कुठून?

लांब पाटी असली की आधी खडूची दोरी मारावी लागते. दोरीला खडूची पूड चोळायची, दोन्ही टोकं दोघांनी ताणून धरायची, मधे चिमटीनं उचलून सोडायची. फळीवर सरळ पांढरी रेघ उमटते आणि तिच्यावर अक्षरं बसतात. दुसरं टोक आई धरायची. चपात्या लाटताना हाक आली तर पिठाच्या हातानंच यायची आणि पप्पा म्हणायचे, "आज खडू वाचला." हे त्यांनी किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. आई दर वेळी हसायची.

आई तासगावकडची. तिचे वडील द्राक्षाच्या मळ्यात राखणीला होते. सांगलीच्या एका जैन व्यापाऱ्यानं पप्पांना पेढीची पाटी रंगवायला बोलावलं होतं, नावाच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे घड हवेत म्हणून. पप्पांनी तोवर द्राक्षं फक्त हातगाडीवर पाहिलेली. वेलीवर घड कसा लोंबतो ते बघायला ते मळ्यात गेले. तिथं आईनं एक घड तोडून हातात दिला आणि सांगितलं, "बघून काढा. खाऊन न्हाई." पप्पांनी निम्मा घड खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला गेले. पाटी दोन दिवसांची होती, ती नऊ दिवस चालली. ही गोष्ट आमच्या घरी दर नाताळला सांगितली जाई आणि दर वर्षी दिवस एकानं वाढत. मी नऊवर थांबवलेत. कुठंतरी थांबवायला हवंच.

रात्रीच्या जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना. आई पवित्र शास्त्रातला एक भाग वाचायची आणि मग मोठ्यानं प्रार्थना करायची, एकेकाचं नाव घेऊन. गल्लीतले आजारी, परीक्षेला बसलेली पोरं, तासगावची मावशी, मावशीची म्हैस, वेण्णा पुलावर ज्याची रिक्षा उलटली तो रिक्षावाला. कुणी सुटायचं नाही. मला यादी करायची सवय आहे, तिच्यावरून माझ्या कचेरीत सगळे मला हसतात. ती सवय ऑफिसातली नाही, तिथली आहे. पप्पांच्या वाट्याला फक्त "आमेन" असायचं. ते मोठ्यानं प्रार्थना करत नसत. चर्चच्या मंडळीत कुणी आग्रह केला तर त्यांचे कान लाल व्हायचे.

मी अकरावीला असताना आई गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि मग उतरलाच नाही. यापेक्षा जास्त मला त्या आठवड्याबद्दल लिहायचं नाही. पुढचं मात्र नीट आठवतं, कारण मी ते लिहून ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी एक कागद चिकटवला. दूध, दळण, पप्पांचा डबा, कॉलेज, रॉकेलची रांग, आणि रविवारच्या रकान्यात दफनभूमी. बाकीच्या कामांसमोर रोज खूण व्हायची. दफनभूमी पुढच्या रविवारवर ढकलली जायची. असे कितीतरी रविवार गेले. दफनविधीनंतर मी त्या फाटकातून आत गेलेच नव्हते. पप्पा दर रविवारी एकटेच जात. मला कधी विचारत नसत आणि मीही विषय काढत नसे.

रात्रीच्या प्रार्थनेचं काय करायचं, हे आम्हा दोघांनाही समजत नव्हतं. तीन दिवस मी आईच्या जागी बसून वाचलं. वाचून झालं की आम्ही गप्प बसायचो. आमेन म्हणायला आधी कुणीतरी काहीतरी म्हणावं लागतं. चौथ्या दिवशी सकाळी उठले तर जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवरच्या खिळ्याला एक पत्र्याची पाटी टांगलेली. कुठल्याशा दुकानाची टाकून दिलेली पाटी, उलटी करून, पांढरी रंगवून. तिच्यावर आदल्या रात्री मी वाचलेल्यातली एक ओळ पप्पांनी लिहिली होती, बारीक ब्रशानं, अगदी बाजारातल्या पाटीसारखी, शेडसकट. दुसऱ्या दिवशी ती टर्पेंटाइननं पुसलेली आणि दुसरी ओळ. मग रोजच. मला तेव्हा त्याचा राग यायचा. घरात आधीच रंगाचा वास, त्यात सकाळच्या चहालाही टर्पेंटाइनचा वास. "पप्पा, वाचलंय की आपण कालच. पुन्हा लिहायचं कशाला?" मी एकदा विचारलं. पप्पा ब्रश पुसत म्हणाले, "तू वाचलंस. मी कुठं काय म्हटलं?"

ते तेव्हा मला समजलं नाही. पण एक गोष्ट लक्षात यायला लागली. काही दिवशी अक्षरांना शेड नसायची. नुसती काळी अक्षरं, सरळ, हडकुळी. त्या दिवशी पप्पा जेवणाचा डबा न उघडता परत आणायचे. हळूहळू मी सकाळी उठल्या उठल्या पाटीकडे बघायला लागले. शेड असली तर वरणाला फोडणी थोडी जास्त, नसली तर न बोलता भात मऊ करायचा. बापाचं मन वाचायला मला एवढं एकच साधन मिळालं होतं आणि ते पुरेसं होतं, असं आज वाटतं.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस सुरू झाले तेव्हा आईचा सिमेंटचा क्रूस उभा राहून महिना झाला होता. त्यावर नाव लिहायचं बाकी होतं. एका शनिवारी पप्पा म्हणाले, "उद्या दुपारी येतीस का? दोरी धरायची हाय."

"माझं जर्नल पुरं करायचंय पप्पा. सोमवारी द्यायचंय."

"बरं. मग ऱ्हाऊ दे."

जर्नल शुक्रवारीच पुरं झालं होतं. यादीत त्याच्यासमोर खूण होती आणि यादी पप्पांच्या डोक्यामागच्या भिंतीवरच होती. ते वळले नाहीत.

पुढचे चार रविवार पप्पा एकटेच गेले. परत यायचे तेव्हा नखांत हिरवा रंग असायचा. मला वाटायचं कुणाची तरी ट्रॉली करतायत. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासनेनंतर सगळी मंडळी मिरवणुकीनं दफनभूमीच्या फाटकापर्यंत गेली आणि गर्दीत मला मागं फिरता आलं नाही. आत गेले आणि थांबले. आमच्या दफनभूमीत तेव्हा सगळे क्रूस पांढरे आणि अक्षरं काळी. त्या ओळीत आईचा क्रूस. 'विमल दानिएल' ही अक्षरं लाल, त्यांना पिवळी किनार, खाली निळी शेड. त्याखाली 'प्रभूमध्ये विसावली'. आणि क्रूसाच्या दोन्ही हातांवर पसरलेली द्राक्षवेल. पानं, तणावे, खाली लोंबणारे घड, आणि प्रत्येक मण्यावर उजेडाचा एक पांढरा ठिपका. नावाची ओळ उजवीकडे थोडी उतरलेली होती. माझ्यामागं संडे स्कूलमधल्या दोन मुली फिसकन हसल्या. "अगं, ट्रॉलीवर असतं तसं!" एक म्हणाली.

मी सतरा वर्षांची होते. त्या वयात आईच्या कबरीपाशी दुःखापेक्षा लाज आधी येऊ शकते, हे मी इथं लिहून टाकते म्हणजे पुन्हा लिहायला नको.

मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी साळवे सर तिथंच उभे होते. निवृत्त मुख्याध्यापक. पांढरा शर्ट, खिशात घडी घातलेला रुमाल आणि दोन पेनं. ते पप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, पण मुख्याध्यापकांचं बाजूला म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल असं.

"दानिएल, तुमच्या भावना मला समजतात. पण ही दफनभूमी आहे. बाजारपेठ नव्हे."

"व्हय सर."

"इथं एक शिस्त आहे. पांढऱ्यावर काळं."

"व्हय सर."

"मग ईस्टरच्या आधी करून टाकाल ना?"

"बघतो सर."

पप्पांचं "बघतो" म्हणजे नाही, हे ज्यांनी त्यांच्याकडून पाटी रंगवून घेतली आहे त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी आयुष्यात पाटी रंगवून घेतलेली नसावी. तरी त्यांना शंका आली असणार, कारण उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन तासांची उपासना संपल्यावर त्यांनी मला गाठलं. "कृपा, तू समजूतदार मुलगी आहेस. वडिलांशी बोल. उद्या दुपारपर्यंत झालं नाही, तर कमिटी माणूस लावून ऑइलपेंट मारून घेईल. मला ते करायला आवडणार नाही." आवडणार नाही हे ते खरंच बोलत होते. चेहऱ्यावर दिसत होतं.

मी वडिलांशी बोलले नाही. मी यादी केली. ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी आमच्याकडे सगळी घरं कबरी साफ करायला जातात, खुरपं, झाडू, चुन्याची बादली घेऊन. पप्पांना त्या दिवशी शाहूपुरीत एका दुकानाचं काम होतं, ते संध्याकाळी कबरीवर जाणार होते. मी सकाळीच गेले. गवत उपटलं, चौथरा झाडला, चौथऱ्याला चुना मारला आणि मग मान खाली घालून क्रूसालाही मारला. दोन हात. लाल गेलं, पिवळं गेलं, शेवटी हिरवं गेलं. काळी अक्षरं नंतर कधीतरी लिहू म्हटलं. फाटकाशी साळवे सर हातात वही घेऊन उभे होते. "झालं सर," मी म्हणाले. त्यांनी लांबूनच पांढरा क्रूस पाहिला आणि वहीत खूण केली. त्या क्षणी मला एखादं काम हातावेगळं झाल्यावर वाटतं तसं वाटायला हवं होतं. घरी येऊन मी बादली तीनदा धुतली.

संध्याकाळी तासगावहून सुमन मावशी एसटीनं आली. एका पिशवीत भडंग, दुसऱ्या पिशवीत बेदाणे, तोंड अखंड चालू. "आगं, काय ती गर्दी! एका बाबानं माज्या पिशवीवरच बूड टेकलं. म्हटलं, आवं उठा, बेदानं हायती, पुन्यांदा द्राक्षं व्हायची न्हाईत ती!" पप्पा उशिरा आले, हातपाय धुतले, जेवले. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. ते दफनभूमीत जाऊन आलेत की नाही हे मला ओळखता येईना. "कृपा, भाजी चांगली झालीय," एवढंच म्हणाले.

पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, उपासना पहाटे दफनभूमीतच होते. दोघं जण हार्मोनियम उचलून आणतात, कुणाच्या तरी चौथऱ्यावर ठेवतात, आणि अजिंक्यताऱ्याच्या मागं उजळायला लागलं की पहिलं गाणं सुरू होतं. त्या दिवशी मी गाण्याचं पुस्तक उघडून एकच पान बघत राहिले. उपासना संपली आणि रिवाजाप्रमाणे सगळे आपापल्या माणसांच्या कबरीकडे फुलं, मेणबत्त्या घेऊन पांगले. आम्ही तिघं आईपाशी आलो. मोकळा पांढरा क्रूस, नावसुद्धा नाही. मावशीनं तो क्रूस आधी पाहिलेला नव्हता. तिनं पाण्यात भिजवून आणलेला झेंडूचा हार क्रूसाच्या हातावर घातला, पाणी ओघळलं, आणि ती म्हणाली, "आगं, ह्येला केवढी धूळ बसलीया!" तिनं ओला पदर घेतला आणि पुसलं.

पदराला पांढरा लगदा आला. खाली एक हिरवा मणी. उजेडाच्या ठिपक्यासकट.

मावशी पुसतच गेली. चार मणी, आठ मणी, अख्खा घड, वर पान. "आगं बया! दाजी, ही तर आमची द्राक्षं हायती! आमच्या मळ्यातली! त्यो तणावा बगा कसा वळलाय. आमच्या ताईनं तुमास्नी दाखवला व्हता न्हवं?" आणि मग इतका वेळ चालू असलेलं मावशीचं तोंड एकदम बंद झालं. तिनं कपाळ त्या घडावर टेकलं.

आजूबाजूची माणसं जमली. त्यांतून वाट काढत साळवे सर आले. निम्मा क्रूस पांढरा, निम्म्यावर चुन्याचे ओघळ, मधूनच 'मल' एवढी दोन अक्षरं वर आलेली. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पप्पांकडे पाहिलं, क्रूसाकडे बराच वेळ पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला. "हे असं अर्धवट बरं दिसत नाही," ते म्हणाले. "कृपा, पाणी आण." मी तांब्या आणला. सरांनी रुमाल भिजवला, पिळला, आणि फळा पुसावा तसं वरून खाली, ओळीनं, उरलेलं सगळं पुसून काढलं. किनारीतला चुनासुद्धा नखानं काढला. मागं सरून बघितलं.

"ओळ उजवीकडे उतरलीय, दानिएल."

"व्हय सर," पप्पा म्हणाले. "दोरी धराय कुणी नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उपकारच केले. सरांनी रुमालाची पुन्हा घडी केली, ओला रुमाल तसाच खिशात ठेवला आणि आपल्या बायकोच्या कबरीकडे गेले. कमिटीनं तो विषय नंतर काढला नाही.

घरी आल्यावर मावशीनं शिरा केला, रव्यापेक्षा बेदाणे जास्त. मावशी अंघोळीला गेल्यावर मी म्हणाले, "पप्पा, चुना मी मारला."

"ठावं हाय. काल सांजच्याला बघितला मी."

"मग बोलला का नाही?"

पप्पांनी शिऱ्यातला एक बेदाणा वेचून तोंडात टाकला. "चुनाच व्हता. ऑइलपेंट असता तर बोललो असतो."

पेंटरच्या घरात जन्मलेल्या मुलीला ऑइलपेंटवर चुना धरत नाही, पाणी लागलं की सुटतो, हे ठाऊक नसतं का? मी तो क्रूस वाचवण्यासाठी चुना मारला असं म्हणायला मला आवडेल. पण मी तेव्हा लाजेपोटीच मारला होता, वाचवणं बिचवणं मनात नव्हतं. तरीही पांढऱ्या ऑइलपेंटचा भरलेला डबा फडताळात हाताशी होता आणि मी तो सोडून बादली घेतली होती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ मी अजून घातलेला नाही आणि आता घालायला जात नाही.

त्या रात्री वाचून झाल्यावर मी पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली. काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून आईची यादी म्हटली. पोरं, आजारी, मावशी, म्हैस. शेवटी साळवे सर. पप्पा म्हणाले, "आमेन." सकाळी पत्र्यावरच्या ओळीला शेड होती.

पुढच्या लेंटमध्ये क्रूस पुन्हा रंगवायची वेळ आली तेव्हा पप्पांनी सांगायच्या आत मी दोरी आणि खडू पिशवीत घातले. तिथं पोचल्यावर म्हणाले, "पप्पा, या वेळी ओळ सरळ करू." पप्पा उतरत्या ओळीकडे बघत राहिले. "नगं. तवा कुणी नव्हतं, तर नव्हतं. ती हाय तशी ऱ्हाऊ दे." पुढं काही वर्षांनी साळवे सर गेले. त्यांच्या क्रूसाची दोरी मात्र मी धरली. पांढऱ्यावर काळं, शेड नाही, किनार नाही. सबंध दफनभूमीत इतकी सरळ ओळ दुसरी नाही. "सरांस्नी शिस्त आवडायची," पप्पा म्हणाले.

आता पाट्या फ्लेक्सच्या झाल्या. मंडळीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि त्यावर दर वर्षी कुणीतरी ग्रॅनाइटचा विषय काढतं. पप्पांचा हात थरथरतो. ईस्टरच्या आदल्या शनिवारी मी त्यांना रिक्षानं नेते, कबरीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवते, वर छत्री धरायला माझी मुलगी असते, आणि रंग मी भरते. ते खुर्चीतून सूचना देतात. ठिपका वर घे. पान एवढं जाड नसतं. दर वर्षी ती उतरती ओळ मी उतरतीच भरते. त्या ओळीत शेवटचं अक्षर भरताना हात जरा सावकाश चालतो, तेवढंच.

या वर्षी काम आटोपल्यावर पप्पांनी काठीनं आईच्या शेजारची मोकळी जागा दाखवली. "हितं माझं नाव तू लिव. शेड घाल. पण ओळ सरळ पायजे बरं का. दुसरं टोक धराय कुणाला तरी सांगून ठेव."

मी पिशवीतून वही काढली. माझ्या मुलीनं छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि वहीत डोकावून म्हणाली, "माझं नाव लिही की त्यात."